मागच्या चाकाचा हब घरी उघडताना: कप वाचवायचा असेल तर

पाऊस ओसरला, रस्त्याकडेचा काळा चिखल वाळून त्याची ढेकळं झाली, की आमच्या घरी एक काम ठरलेलं असतं. खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी माउंटन बाइकचं मागचं चाक काढायचं, हब, म्हणजे चाकाच्या मधोमधचा, आसावर (ॲक्सलवर) फिरणारा भाग, पूर्ण उघडून धुवायचा आणि नवे छर्रे, नवं ग्रीस घालून परत बांधायचा. नवमीला पाने-पक्कड पूजेत मांडतो तेव्हा त्यांच्या हातून वर्षातलं सगळ्यात नाजूक काम नुकतंच झालेलं असतं.

इंदूरच्या आसपास डांबरी रस्ता सोडून सायकल चालवणाऱ्याला हे टाळता येत नाही. सिमरोलहून चोरलकडे उतरा, जानापावच्या बाजूला जा किंवा रालामंडळच्या पायथ्याच्या कच्च्या वाटा धरा, माती सगळीकडे तीच, माळव्याची काळी. ओली असताना ती टायरला, साखळीला आणि हबच्या तोंडाला लिंपून बसते. वाळली की पिठासारखी बारीक होते आणि ते पीठ रबरी सीलच्या कडेने आत शिरतं. ग्रीसमध्ये मिसळलं की त्याची घासायची पेस्ट तयार होते आणि पुढचे महिनोन्‌महिने ही पेस्ट आतलं पोलाद खात राहते. बाहेरून काही कळत नाही. चाक फिरत असतं.

हबमध्ये झिजण्यासारख्या गोष्टी तीन: कप (छर्रे धावतात ती वाटी), छर्रे आणि कोन (छर्ऱ्यांना बाहेरून टेकणारा शंकूसारखा नट). छर्रे फार स्वस्त. कोन ॲक्सलवर आट्यांनी बसतो, खराब झाला तर बदलता येतो. कप मात्र हबच्या अंगातच दाबून बसवलेला असतो. तो खड्डे पडून गेला की हब गेला, आणि हब बदलायचा म्हणजे सगळे आरे काढून चाक नव्याने विणायचं. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी शेवटी कप वाचवण्यासाठी आहे. माझ्या पहिल्या सायकलचा कप असाच गेला. सर्व्हिसिंगला दिली होती. मेकॅनिकने हब न उघडता जुन्या चिखलट ग्रीसवरच नवं ग्रीस भरलं होतं. तीन महिन्यांनी मी स्वतः उघडून पाहिलं तर डाव्या कपात नखाला लागतील एवढे खड्डे होते. तेव्हापासून हा हब मी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही.

उघडायची वेळ झाली का?

चाक सायकलवरच असताना टायर वरच्या बाजूला पकडून डावी-उजवीकडे हलवा. टक्‌टक् जाणवली, रिम फ्रेमच्या मधे डुगडुगला, तर कोन सैल झाले आहेत. मग चाक काढा आणि ॲक्सलचं टोक दोन बोटांत धरून अगदी सावकाश फिरवा. चांगला हब लोण्यातून बोट फिरवल्यासारखा फिरतो. वाळूसारखी करकर लागली तर आत माती आहे. ठरावीक ठिकाणी अडकून पुढे सरकत असेल तर खड्डे पडायला लागले आहेत, किंवा कोन फार आवळलेला आहे. पावसात ओढा पार करताना हब पाण्याखाली गेला असेल तर करकर लागायची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात उघडा.

तुमचा हब कोणत्या जातीचा?

हे आधी पाहिलं नाही तर चुकीचं हत्यार विकत आणाल. आपल्याकडच्या बऱ्याच ६ आणि ७ गिअरच्या सायकलींवर फ्रीव्हील असतं, म्हणजे दात्यांचा पूर्ण गठ्ठा हबवर आट्यांनी चढवलेला. महागड्या सायकलींवर कॅसेट असते. तिच्यात दात्यांच्या चकत्या फ्रीहब नावाच्या खाचा असलेल्या नळीवर सरकवतात आणि वरून लॉकरिंग आवळतात. ओळख सोपी आहे. चाक हातात धरून दाते उलटे फिरवा आणि मधोमध हत्यार बसायच्या ज्या खाचा दिसतात त्यांच्याकडे बघा. खाचा दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. दाते फिरताहेत आणि खाचा जागच्या जागी, तर फ्रीव्हील.

हा फरक फक्त हत्याराचा नाही. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे हबच्या कवचात, म्हणजे फ्रेमच्या टोकापासून बरेच आत असतात. मधला ॲक्सल आधाराविना उरतो आणि उड्या-खड्ड्यांत तिथेच वाकतो किंवा तुटतो. शिमानो या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने १९७८ साली फ्रीहब आणला, त्यात उजवे छर्रे फ्रीहबच्या बाहेरच्या टोकापर्यंत सरकवले, आणि ॲक्सलला फ्रेमच्या जवळ आधार मिळाला. त्याचा आणखी एक फायदा आपल्या कामाचा आहे. शिमानोच्या अशा हबमध्ये उजवा कप फ्रीहबमध्येच असतो, त्यामुळे फ्रीहब बदलला की तो कपही नवा मिळतो. डावा कप मात्र कवचातच राहतो. त्याला दुसरी संधी नाही. फ्रीव्हीलच्या हबमध्ये तर दोन्ही कप कवचात.

तिसरी जात सीलबंद बेअरिंगची. तिच्याबद्दल शेवटी थोडक्यात सांगतो.

काय काय लागेल

सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे कोनचा पाना. हा चपटा, जेमतेम २ मिलिमीटर जाडीचा असतो, कारण कोनवर पाना धरायला जागाच तेवढी असते. साधा पाना तिथे शिरत नाही, आणि घासून पातळ केलेला पाना कोनच्या कडा गोल करून टाकतो. शिमानोच्या मागच्या हबला बहुधा १५ चा कोनचा पाना आणि चेकनटला (कोनला बाहेरून जखडणाऱ्या नटाला) १७ चा साधा पाना लागतो. स्वस्त हबमध्ये १४ किंवा १६ ही निघतात. म्हणून दोन्ही टोकांना वेगळी मापं असलेले दोन कोनचे पाने घ्या, आणि १७ चेही दोन. दोन का, ते कोन जुळवताना कळेल.

फ्रीव्हील असेल तर त्याच्या खाचांत बसणारी काढणी आणि मोठा ॲडजस्टेबल पाना, कॅसेट असेल तर लॉकरिंगची काढणी आणि चेन व्हिप (दाते अडवून धरायचा, साखळीचा तुकडा लावलेला दांडा). डिस्क ब्रेक असेल तर रोटरसाठी (ब्रेकच्या चकतीसाठी) टी-२५ टॉर्क्स पाना. शिवाय चिमटा, चुंबक, जुन्या सुती साडीचे तुकडे, जुना टूथब्रश, घासलेट आणि एक परात. परात स्वयंपाकघरातली घेऊ नका, तिला पुन्हा कणीक लागणार नाही.

छर्रे आणि ग्रीस मी सियागंजातून आणतो. मागच्या हबचे छर्रे पाव इंची म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे, एका बाजूला ९, दोन्ही मिळून १८. हार्डवेअरच्या बाजारात इंच अजून सुतात मोजतात, एका इंचात ८ सूत. म्हणून दुकानदाराने “कितने सूत का छर्रा, भिया?” असं विचारलं तर उत्तर दोन सूत. पुढच्या हबचे दीड सूत, म्हणजे ४.७६ मिलिमीटर, बाजूला १० प्रमाणे २०. दोन्ही एकाच पुडीत बांधून घेऊ नका आणि १८ लागत असतील तर २५ आणा. घरी आल्यावर व्हर्नियर कॅलिपर असेल तर चार-दोन छर्रे मोजून बघा. मापात फरक असलेले छर्रे एकत्र घातले तर मोठ्या छर्ऱ्यावरच सगळा भार येतो, आणि तो छर्रा कप फोडतो. म्हणून जुन्यातले चांगले ठेवून उरलेले नवे, असं कधी करू नये. बदलायचे तर सगळे.

ग्रीस चाकाच्या बेअरिंगचं, लिथियमचं, पाण्याने न धुपणारं. काळं ग्रॅफाइटचं ग्रीस नको. ते कमानपट्ट्यांसाठी ठीक, इथे नाही.

चाक काढणं आणि दाते उतरवणं

साखळी सर्वांत लहान दात्यावर आणा, चाक काढा. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर लगेच पॅडच्या मधे जाड पुठ्ठ्याची पट्टी सरकवा. चाक नसताना कुणी ब्रेकची मूठ दाबली तर पॅड एकमेकांना चिकटतात. मग रोटर काढून कागदात गुंडाळा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. हे काम ग्रीसचं आहे आणि रोटरला ग्रीसचं एक बोट लागलं तरी ब्रेक निकामी होतो. पॅडने ते शोषलं तर पॅडही फेकावे लागतात.

कॅसेट काढताना चेन व्हिपची साखळी मोठ्या दात्यावर अशी गुंडाळा की दाते उलटे फिरायचे थांबतील, आणि लॉकरिंग घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेला फिरवा. कडकड आवाज येतो. लॉकरिंगच्या आतल्या बारीक खाचांचा आहे, काही मोडलेलं नाही. चकत्या आणि मधले स्पेसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एका दोरीत ओवा.

फ्रीव्हील काढायला खरा जोर लागतो. प्रत्येक पेडलबरोबर ते आणखी आवळलं जातं, आणि दोन वर्षं चढ चढलेलं फ्रीव्हील हाताने सहसा सुटत नाही. काढणी खाचांत पूर्ण बसवा, वरून क्विक रिलीजचा (मूठ दाबून चाक फ्रेमला आवळायचा) दांडा घालून तिला हलकेच दाबून धरा म्हणजे ती निसटून खाचा कापणार नाही. मग काढणी व्हाइसमध्ये पकडा आणि चाकच दोन्ही हातांनी स्टिअरिंगसारखं उलट फिरवा. व्हाइस नसेल तर मोठा पाना. पहिला झटका बसून फ्रीव्हील हललं, की लगेच क्विक रिलीज सैल करा. नाहीतर फ्रीव्हील बाहेर येताना दांड्यावरच ताण येतो.

उघडणं

इथे थोडं थांबा आणि ॲक्सल दोन्ही चेकनटांच्या बाहेर किती आलाय ते पट्टीने मोजून लिहून ठेवा. १३५ मिलिमीटर रुंदीच्या क्विक रिलीज हबला दोन्हीकडे साधारण साडेपाच मिलिमीटर असतो. बांधताना हेच माप परत यायला हवं. डाव्या बाजूचे स्पेसर, वायसर कोणत्या क्रमाने आहेत त्याचा फोटो काढा.

उघडायची ती फक्त डावी बाजू. उजव्या बाजूचा कोन आणि चेकनट एकमेकांवर घट्ट असतील तर त्यांना हात लावू नका. त्यामुळे ॲक्सलची जागा बदलत नाही आणि परत बांधताना अर्धं काम वाचतं. डाव्या कोनवर कोनचा पाना धरून तो स्थिर ठेवा, १७ च्या पान्याने चेकनट उलट फिरवा. चेकनट, वायसर, स्पेसर, कोन, सगळं क्रमाने एका तारेत ओवा. मग चाक परातीवर आडवं धरा, उजवी बाजू खाली, आणि तळहाताने ॲक्सल धरूनच ठेवा. सोडला की छर्रे घरभर. हळूच ॲक्सल उजवीकडून बाहेर ओढा.

आता छर्रे मोजा. आमच्याकडे हे काम माझ्या भाच्याचं. गेल्या वर्षी तो म्हणाला, “मामा, आठच आहेत.” मी परात पाहिली, फरशी पाहिली, शेवटी टॉर्च लावून हबच्या पोटात पाहिलं, तर नववा छर्रा मधल्या नळीत जुन्या ग्रीसला चिकटून बसला होता. तो तसाच राहून वरून नवे नऊ घातले असते तर चाक फिरताना तो आत खुळखुळत राहिला असता. म्हणून संख्या जुळेपर्यंत पुढे जायचं नाही. काही हबमध्ये छर्रे पत्र्याच्या जाळीत येतात. जाळीत कमी छर्रे मावतात, त्यामुळे जाळी काढून त्याच मापाचे सुटे नऊ घातले तर भार जास्त छर्ऱ्यांवर वाटला जातो. मी नेहमी जाळी काढतो.

कपावर पत्र्याची धूळटोपी दाबून बसवलेली असते. ती उचकटायचा मोह आवरा. वाकली की परत नीट बसत नाही, आणि चिमट्याने तिच्या आडूनही सगळं करता येतं. रबरी सील मात्र बोटांनी अलगद काढून वेगळा धुवा.

धुणं आणि पाहणं

घासलेटात बुडवलेल्या फडक्याने कप पुसा, कोपरे टूथब्रशने. पेट्रोल वापरू नका. त्याची वाफ बंद घरात जमिनीलगत पसरते, आणि देवघरातला दिवा किंवा गॅस पेटलेला असतोच. घासलेटानेही काम गच्चीत किंवा ओट्यावर करा. फ्रीहब घासलेटात बुडवायचा नाही. त्याच्या आतलं तेल निघून जातं आणि परत घालणं सोपं नाही. बाहेरूनच पुसा. काम झाल्यावर तेलकट फडकी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, आपल्या कचरागाडीत घातक कचऱ्याचा वेगळा डबा असतो, त्यात द्या. उरलेलं घासलेट बाटलीत भरून ठेवा. गाळ खाली बसला की वरचं परत वापरता येतं.

आता खरं पाहणं. कोन उजेडात धरून हळूहळू फिरवा. छर्रे जिथून धावतात तिथे गोल पट्टा दिसेल. पट्टा चकचकीत आणि सलग असेल तर कोन चांगला आहे. ती झीज नाही, घोटलेली वाट आहे. डोळ्याला शंका आली तर बॉलपेनचं टोक पट्ट्यावरून फिरवा. नुसत्या बोटाला न जाणवणारा खड्डासुद्धा पेनच्या टोकाला अडतो. असंच कपातही फिरवा. कोनला खड्डे असतील तर तो आजच बदला. खड्डे पडलेला कोन छर्ऱ्यांना ओरबाडतो आणि ओरबाडलेले छर्रे कपाला. बदलताना जुना कोन बरोबर घेऊन जा, कारण कोनचा उतार आणि उंची हबगणिक वेगळी असते. नुसती आटी जुळली म्हणून घेतलेला कोन कपाच्या चुकीच्या जागी टेकतो.

कपातच खड्डे असतील तर? बारीक असतील तर नवे छर्रे, भरपूर ग्रीस आणि नीट जुळवलेला कोन यावर तो हब आणखी काही काळ चालतो. खोल असतील तर नव्या चाकासाठी पैसे बाजूला ठेवायला लागा. शिमानोच्या फ्रीहबवरचा उजवा कप असेल तर फ्रीहब बदला. ॲक्सल काढल्यावर उजवीकडून १० ची ॲलन की आत घालून पोकळ बोल्ट उलट फिरवला की फ्रीहब सुटतो. परत बसवताना ३५ ते ५० न्यूटन मीटर एवढं आवळा. टॉर्कचा पाना नसेल तर लांब दांड्याने चांगला जोर लावा, हा बोल्ट सैल राहिलेला चालत नाही.

ॲक्सल काचेवर गडगडवून पाहा. खालून दिसणारी फट कमी-जास्त होत असेल तर तो वाकलाय. वाकलेल्या ॲक्सलवर दोन्ही कोन एका रेषेत येत नाहीत आणि अशा हबचा कोन कितीही जुळवला तरी जुळत नाही.

भरणं

हात धुवा. मी हे अक्षरशः साबणाने धुतो, कारण आतापर्यंत बोटांवर तीच माती आहे जिच्यासाठी एवढं उघडलं. कपात ग्रीसचा असा थर द्या की छर्रा ठेवला तर अर्धा बुडेल. चिमट्याने एकेक छर्रा ठेवा, नऊ. नऊ ठेवल्यावर थोडी जागा उरते. ती दहाव्यासाठी नाही, छर्ऱ्यांना एकमेकांवर न घासता फिरायला आहे. वरून आणखी थोडं ग्रीस. दुसऱ्या बाजूचा कपही असाच भरा. ग्रीस कमी पडण्यापेक्षा जास्त झालेलं बरं. जास्तीचं बाहेर येतं, ते पुसता येतं, आणि येताना सीलच्या कडेची माती बाहेर ढकलतं. फ्रीहबच्या आतल्या, पेडलचा जोर चाकाला देणाऱ्या खुंट्यांना मात्र घट्ट ग्रीस लावू नका. त्या चिकटल्या की पेडल रिकामं फिरतं, आणि चढावर उभं राहून जोर देताना असं झालं तर तोंडावर पडाल.

कोनवरही ग्रीसचा पातळ हात फिरवून ॲक्सल उजवीकडून सावकाश घाला. छर्रे हलू नयेत म्हणून घाई नको. आत गेला की उजवी बाजू हाताने दाबून धरा आणि डावा कोन बोटांनीच फिरवत आणा, छर्ऱ्यांना टेकेपर्यंत. मग पाव आटा मागे घ्या. स्पेसर, वायसर, चेकनट, सील त्यांच्या जागी.

कोन जुळवणं

सगळं काम एका बाजूला आणि हे एका बाजूला. इथे अर्धा तास गेला तरी गेला असं समजू नका. कोन सैल राहिला तर छर्रे कपावर आपटतात, आवळला गेला तर तेच छर्रे कपाला दाबून खड्डे पाडतात. कपाचं आयुष्य या अर्ध्या तासात ठरतं.

किती बारीक काम आहे ते आकड्यांत पाहा. शिमानोच्या मागच्या ॲक्सलची आटी १ मिलिमीटरची, म्हणजे कोन एक पूर्ण फेरा फिरवला की १ मिलिमीटर पुढे जातो. अष्टमांश फेऱ्याला सव्वाशे मायक्रॉन. सैल आणि आवळलेला यांत फरक असतो तो कोन दहा अंश फिरवण्याएवढा, म्हणजे मिलिमीटरचा तीन-शतांश भाग. पाना जोरात फिरवणाऱ्याच्या हाती ही जागा लागत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, चेकनट आवळताना तो कोनला किंचित आत ढकलतो, कारण आट्यांत थोडी मोकळीक असतेच. म्हणून चेकनट आवळण्याआधी जुळणी तुम्हाला हवी त्यापेक्षा जराशी सैल असावी. दुसरी, क्विक रिलीजचा दांडा ॲक्सलला दोन्ही टोकांकडून दाबतो. ॲक्सल दबून किंचित आखूड होतो आणि कोन आणखी आत येतात. म्हणून क्विक रिलीजचा हब हातात असताना अगदी जेमतेम डुगडुगला पाहिजे, आणि चाक सायकलवर आवळल्यावर ती डुगडुग नाहीशी व्हायला हवी. हातात असतानाच बरोबर वाटणारा हब सायकलवर जास्त आवळलेला असतो. नटांनी बसणाऱ्या भरीव ॲक्सलला हा नियम नाही, तिथे हातातच डुगडुग शून्य करून घ्या.

आता प्रत्यक्ष. कोनचा पाना कोनवर, १७ चा चेकनटवर. कोन न हलवता चेकनट आवळा. चाक सायकलवर चढवा, क्विक रिलीज नेहमीएवढा आवळा, टायर धरून डावी-उजवीकडे हलवा. डुगडुग असेल तर चाक काढा, चेकनट सैल करा, कोन अगदी थोडा, पाच-दहा अंश, आत घ्या आणि परत चेकनट आवळून परत चढवून बघा. तीन-चार फेऱ्या होतात. पहिल्या वर्षी माझ्या अकरा झाल्या होत्या.

शेवटच्या केसाएवढ्या फरकासाठी चेकनट सोडायची गरज नाही. इथे दोन पाने लागतात. हब किंचित आवळलेला असेल तर दोन्ही बाजूंच्या कोनवर एकेक कोनचा पाना लावा आणि दोन्ही कोन एकाच वेळी आपापल्या चेकनटकडे, म्हणजे बाहेरच्या दिशेने सोडा. कोन बाहेर सरकून चेकनटवर आणखी घट्ट बसतो आणि हब सैल होतो. किंचित सैल असेल तर दोन्ही चेकनटांवर १७ चे पाने लावून दोन्ही आवळा. या दोन हालचाली हाताला बसल्या की कोन जुळवणं सुखाचं होतं. फ्रीव्हील किंवा कॅसेट चढवण्याआधीच हे करा, नंतर उजव्या कोनपर्यंत पाना पोहोचत नाही.

जुळलं की नाही याची माझी चाचणी अशी. चाक सायकलवर, साखळी उतरवलेली, रोटर अजून न लावलेला. व्हॉल्व्ह बरोबर आडवा, घड्याळात तीन वाजतात त्या जागी आणा आणि चाक सोडा. व्हॉल्व्हच्या किंवा समोरच्या बाजूच्या थोड्याशा जास्तीच्या वजनाने चाक आपोआप खाली आलं, पुढे गेलं, मागे आलं आणि झोके घेत घेत थांबलं, तर कोन आवळलेला नाही. आणि हलवून टक्‌टक् नसेल तर सैलही नाही.

परत बांधणं

फ्रीव्हीलच्या आट्यांना आधी ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वर्षी ते सुटणार नाही. पहिले तीन-चार फेरे हातानेच फिरवा. हबची आटी बहुधा ॲल्युमिनियमची असते, तिरकं चढलं तर ती कापली जाते आणि हब तिथेच संपतो. पुढचं आवळणं पेडल करेल. कॅसेटच्या चकत्या एकाच स्थितीत बसतात, एक खाच बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला. रोटर लावताना हात परत धुवा, बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा. शिमानोच्या सहा बोल्टच्या रोटरला २ ते ४ न्यूटन मीटर पुरतात.

क्विक रिलीजची मूठ अर्ध्या वाटेवर आल्यावर जोर लागायला सुरुवात झाली पाहिजे आणि बंद करताना तळहातावर तिचा ठसा उठायला हवा. बाहेर पडण्याआधी जागेवर उभं राहून मागचा ब्रेक दोन-तीनदा दाबून खात्री करा.

सीलबंद बेअरिंगचा हब

यात कोन नसतात, जुळवणीही नसते. बेअरिंग करकरलं की ते बदलायचं. सीलवर नंबर छापलेला असतो, उदाहरणार्थ ६९०२ म्हणजे आतून १५, बाहेरून २८ आणि जाडी ७ मिलिमीटर, किंवा ६००१ म्हणजे १२, २८ आणि ८. हे नंबर मोटरी आणि पंपांतही चालतात, त्यामुळे बेअरिंगच्या कोणत्याही दुकानात विचारा, फक्त दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं मागा. बसवताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर द्या. आतल्या कड्यावर ठोकलंत तर तो जोर छर्ऱ्यांतून जातो आणि नवं बेअरिंग बसवण्याआधीच खराब होतं. जुनं बेअरिंग बाहेरच्या कड्याला टेकवून, लांब बोल्ट आणि दोन जाड वायसरांनी हळूहळू आत ओढलं तर हातोडा लागतच नाही.

पुढचे पंचवीस किलोमीटर

नवे छर्रे पहिल्या फेरीत आपली जागा पक्की करतात. त्यामुळे पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर परत एकदा टायर धरून हलवा. मी पहिली फेरी सिमरोलपर्यंत जाऊन-येऊन करतो, तिथपर्यंत घाट लागत नाही. घरी आल्यावर अंगणातच चाक हलवतो. हलकीशी टक् जाणवली तर दोन १७ चे पाने, दोन्ही चेकनट, केसभर. पुढे वर्षभर चिखलातून आल्यावर हबच्या तोंडावरची माती ओल्या फडक्याने पुसत जा, आणि गाड्या धुण्याच्या दुकानातला जोराच्या पाण्याचा फवारा हबवर कधीही मारू देऊ नका. ते पाणी सील ओलांडून सरळ कपात जातं.

माझ्या वहीत या वर्षीच्या पानावर लिहिलंय: डावा कप स्वच्छ, उजवा स्वच्छ, डावा कोन नवा, छर्रे १८. आता भाच्याच्या सायकलचं पुढचं चाक उघडायचंय. दीड सूत, दहा-दहा.